वाचक विचारतात : बाबांचे फोल्डर जातात कुठे?

या वेळच्या टपालात घरातल्या ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरबद्दलची पत्रं इतकी होती की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. उत्तरं विंडोज ११ धरून दिली आहेत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचं पाठबळ देणं थांबवलं, तरी घरोघरी ते अजून आहे. यातलं जवळजवळ सगळं तिथेही चालेल, एखादा मेनू इकडचा तिकडे असेल.

प्रश्न : ताई, माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकले. मेल वाचतात, जुने फोटो लावून ठेवतात, आठवणी टाइप करतात. पण अधूनमधून त्यांचा एखादा फोल्डर गायब होतो. "मी हातसुद्धा लावला नाही," म्हणतात. मी शोधते तेव्हा तो भलत्याच फोल्डरच्या पोटात सापडतो. परवा तर डेस्कटॉपवरचं सगळंच नाहीसं झालं होतं. त्यांना काही हलवताच येणार नाही, असं कॉम्प्युटरला कुलूप घालता येतं का?

उत्तर : कुलपाचं नंतर बघू. आधी हे, की बाबा खोटं बोलत नाहीत. फोल्डर हलवायचं त्यांच्या मनातही नव्हतं, ते तो उघडायला गेले होते. माऊसचं डावं बटण दाबलं, ते सुटायच्या आत हात जरासा सरकला आणि विंडोजने समजूत करून घेतली की यांना हा फोल्डर ओढून न्यायचाय. बोट उचललं तेव्हा पॉइंटर शेजारच्या फोल्डरवर होता. झालं, हा त्याच्यात गेला. एकाच ड्राइव्हवर फोल्डर इकडून तिकडे ओढला तर विंडोज "नक्की ना?" असं विचारायच्या भानगडीत पडत नाही.

माऊस किती सरकला की त्याला ओढणं समजायचं, हा आकडा विंडोजमध्ये ठरलेला असतो : ४ पिक्सेल. स्क्रीनवर हे अंतर जेमतेम एक मिलिमीटर भरतं. तरुण हाताला ते जाणवत नाही. चौऱ्याहत्तरीच्या हाताला तेवढ्या जागेत स्थिर राहून बटण दाबायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. तेव्हा माणसाला शिकवण्याआधी हा आकडा बदला. बाबांच्याच अकाउंटमधून स्टार्टमध्ये जाऊन रजिस्ट्री एडिटर उघडा. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची वही, आणि हा एडिटर ती उघडतो. 'एचकी करंट यूजर' या शाखेखाली 'कंट्रोल पॅनेल' आणि त्याखाली 'डेस्कटॉप' आहे. उजवीकडच्या यादीत 'ड्रॅगहाइट' आणि 'ड्रॅगविड्थ' अशा दोन नोंदी दिसतील. दोन्हींत ४ च्या जागी ४० लिहा, साइन आउट करून पुन्हा आत या. रजिस्ट्रीत बाकी कशालाही हात लावायचा नाही. आणि हा बदल त्या त्या अकाउंटपुरता असतो. तुमच्या अकाउंटमधून केलात तर सोय तुमचीच होईल, बाबांचा फोल्डर पुन्हा हरवेल. पुढे एखादी फाइल मुद्दाम ओढायची झाली तर थोडी लांबवर ओढावी लागेल, एवढाच काय तो तोटा.

हरवलेलं सापडायचं कसं, तेही त्यांना दाखवून ठेवा. फोल्डर आत्ता, डोळ्यांदेखत गेला असेल तर कंट्रोल धरून झेड. हे अनडू फक्त टाइप करतानाच चालतं असं पुष्कळांना वाटतं. फाइल हलवणं, नाव बदलणं, डिलीट करणं, हे सगळंही त्याने मागे फिरतं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला की मात्र ही सोय गेली, म्हणून "काहीतरी झालं, बंदच करून टाकतो" ही त्यांची सवय असेल तर ती आधी मोडा. उशीर झालाच, तर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या कोपऱ्यातल्या शोधाच्या चौकटीत फोल्डरचं नाव टाइप करायचं. यासाठी फोल्डरला नाव हवं. 'न्यू फोल्डर (७)' कोणाला सापडणार?

डेस्कटॉपवरचं सगळं गेलं तो प्रकार याहून सोपा. रिकाम्या जागेवर राइट क्लिक झालं, 'व्ह्यू' उघडलं आणि 'शो डेस्कटॉप आयकॉन्स' यावरची खूण निघाली. फाइल एकही गेलेली नसते, फक्त दिसत नाहीत. त्याच जागी जाऊन खूण परत करा.

आता तुमच्या कुलपाकडे. तुम्ही म्हणता तसं कडेकोट कुलूप मी घालणार नाही. जो माणूस फोटो लावतो, आठवणी लिहितो, त्याला फाइली हलवाव्या लागतात, नावं बदलावी लागतात. ते बंद केलंत तर कॉम्प्युटर सुरक्षित राहील आणि बाबा आठवडाभरात त्याच्याकडे जायचे बंद होतील. एक दार मात्र जरूर लावा. त्यांचं अकाउंट ॲडमिनिस्ट्रेटरचं असेल तर ते 'स्टँडर्ड' करा. आधी तुमच्यासाठी वेगळं ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट उघडा, त्याचा पासवर्ड जपून ठेवा, मग सेटिंग्ज, अकाउंट्स, 'अदर यूजर्स' इथे जाऊन त्यांचा प्रकार बदला. त्यांचं रोजचं काम अडत नाही. सगळ्या मशिनसाठी काही बसवायचं किंवा मुळातलं काही बदलायचं झालं की विंडोज तुमचा पासवर्ड मागतं. काही प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये गुपचूप बसतात आणि पासवर्ड मागत नाहीत, म्हणून यावर पूर्ण विसंबू नका.

जाता जाता रिसायकल बिनवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये डिलीट करण्याआधी विचारण्याच्या पर्यायावर खूण करा. ती सहसा काढलेली असते. बिन 'स्वच्छ' करायची हौस घरातल्या इतरांनाही नको. 'स्टोरेज सेन्स' चालू असेल तर तेही बघा, कारण मुळातल्या सेटिंगप्रमाणे बिनमध्ये ३० दिवसांहून जास्त पडून राहिलेलं ते स्वतःहून काढून टाकतं. आणि पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलं बिनमध्ये जातच नाही, थेट जातं. आठवणींची एकमेव प्रत पेनड्राइव्हवर असेल तर हा अंक बाजूला ठेवून आधी ती कॉपी करा. नंतर सवडीने एक बाहेरची हार्ड डिस्क जोडून 'फाइल हिस्टरी' चालू करा. डिस्क जोडलेली असेल तर मूळ सेटिंगला ते तासातासाला बदललेल्या फाइलींच्या प्रती काढतं. क्लाउडवर फोटो जातात म्हणून निर्धास्त राहू नका. इथे डिलीट केलं की तिथूनही जातं. तिथल्या बिनमध्ये काही दिवस मिळतात, एवढंच.

प्रश्न : मी स्वतः ७८ वर्षांचा आहे. नातवंडं "आजोबा, डबल क्लिक!" असं ओरडतात, पण माझ्या बोटांना थरथर आहे. दोनदा दाबलं तरी फाइल उघडत नाही. कधी तिचं नाव निळं होतं आणि मग मी काही दाबलं की नावच पुसलं जातं. काही बिघडेल या धास्तीने आता मी हातच लावत नाही.

उत्तर : काका, डबल क्लिक सोडून द्या. अगदी कायमचं. फाइलवर एकदा क्लिक करा, माऊसवरून हात उचला आणि कीबोर्डवरचं एंटर दाबा. फाइल उघडते. माझ्या वर्गात मी पहिल्या दिवसापासून हेच शिकवते. नातवंडांना ते संथ वाटतं, वाटू द्या.

तुमची चूक काय होत होती तेही सांगते, कारण कळलं की धास्ती निम्मी होते. डबल क्लिकमध्ये दोन दाबांमधला वेळ कमी लागतो आणि मधे माऊस सरकून चालत नाही. तुमचे दोन दाब सावकाश पडले की विंडोजला ते दोन सुटे क्लिक वाटतात. निवडलेल्या फाइलच्या नावावर असा सुटा क्लिक पडला, तर त्याचा अर्थ 'मला नाव बदलायचंय' असा होतो. म्हणून नाव निळं होतं आणि पुढचं जे अक्षर दाबाल ते जुन्या नावाच्या जागी बसतं. नाव निळं दिसलं की एस्केप दाबा, कीबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातलं. नाव होतं तसं राहतं. अक्षर पडून एंटरही दाबलं गेलं असेल तर कंट्रोल-झेड.

एस्केपशी मैत्री करा. नको असलेला मेनू उघडला, एस्केप. काही तरी ओढलं जातंय असं दिसलं, तर बोट माऊसवर तसंच ठेवून दुसऱ्या हाताने एस्केप. वस्तू जागेवर परत जाते. समोर भलतीच चौकट आली आणि वाचूनही उमजली नाही, तरीही आधी एस्केप. 'ओके' नव्हे. बरेच जण चौकट घालवायची म्हणून 'ओके' दाबतात आणि नको ते कबूल करून बसतात.

उलट बाजूची चूकही होते. ज्यांना डबल क्लिक जमतं ते सगळीकडे तेच करत सुटतात. इंटरनेटवर एकच क्लिक पुरतो. फॉर्म पाठवताना, पैसे भरताना दोनदा दाबलं तर काही ठिकाणी व्यवहार दोनदा जातो. दाबा आणि हात मागे घ्या.

तुम्ही काय वापरता ते पत्रात नाही. लॅपटॉप असेल तर टाइप करताना तळहात टचपॅडला लागून कर्सर भलतीकडे उडी मारत असणार. ओळीच्या मधेच अक्षरं घुसतात ती त्यामुळेच. बाहेरचा माऊस लावा आणि सेटिंग्जमध्ये टचपॅडच्या भागात 'माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा' अशा अर्थाची खूण असते ती काढायला सांगा. बोट उचलायला वेळ लागून एकच अक्षर दहा वेळा उमटत असेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या कीबोर्डच्या खिडकीत 'रिपीट डिले' आहे, तो जास्तीत जास्त लांबवा. पॉइंटर सापडत नसेल तर ॲक्सेसिबिलिटीत तो मोठा आणि रंगीत करता येतो. मी पिवळाधमक ठेवते. आणि तुम्ही बायफोकल चष्मा लावत असाल तर स्क्रीन थोडी खाली घ्या. चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला मान वर करून बसणारे पुष्कळ ज्येष्ठ मी पाहते; मान दुखते आणि नाव कॉम्प्युटरचं खराब होतं.

हात बसायला पत्त्यांचा सॉलिटेअर खेळा. तो १९९० साली विंडोज ३.० बरोबर आला, तेव्हा माऊस जवळजवळ सगळ्यांनाच नवा होता आणि पत्ते ओढता ओढता लोकांना नकळत सराव झाला. आता त्यात जाहिराती येतात, त्यांवर क्लिक करू नका. पत्ता चुकीच्या जागी सोडलात तर तो आपला परत जातो. धास्ती घालवायला याहून बरं काही मला माहीत नाही.

प्रश्न : आईचा कीबोर्ड मधेच बिघडतो. कधी मराठीत टाइप करता करता इंग्रजी अक्षरं येतात, कधी उलट. कधी टकटक करूनही काहीच उमटत नाही. एकदा स्क्रीनच उलटी झाली होती. नवा घ्यावा का?

उत्तर : घेऊ नका. भाषा बदलते ती विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबले गेल्याने, किंवा डावीकडचे ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेल्याने. तेच पुन्हा दाबलं की पुढची भाषा येते. घड्याळाजवळ भाषेचं चिन्ह असतं, तिकडे बघायची सवय लावा. काहीच उमटत नाही तेव्हा बहुधा उजवं शिफ्ट बराच वेळ दाबून धरलं गेलेलं असतं. ८ सेकंद धरलं की 'फिल्टर कीज' चालू करण्याची तयारी होते, आणि एकदा का ते चालू झालं की भरभर दाबलेली अक्षरं कीबोर्ड सोडून देतो. शिफ्ट पाच वेळा दाबलं की 'स्टिकी कीज'ची चौकट येते, तीही याच कुळातली. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे या दोन्हींचे शॉर्टकट बंद करा.

स्क्रीन उलटी होणं काही मशिनवर कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाचं बटण एकत्र दाबल्याने होतं. कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबून बघा. नाही जमलं तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये 'ओरिएंटेशन' लँडस्केप करा. उलट्या स्क्रीनवर माऊसही उलटा चालतो, त्यामुळे हे काम आईंवर सोपवू नका.

प्रश्न : मी दूर राहतो. घरी आई एकटीच कॉम्प्युटर वापरते. परवा स्क्रीनभर लाल इशारा आला, कर्कश आवाज, "व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा." आई घाबरून फोन करणारच होती. शिवाय कोपऱ्यात सतत कसल्या तरी सूचना येत राहतात. अशा वेळी तिने नेमकं काय करावं?

उत्तर : फोन नाही केला ना, मग काही बिघडलेलं नाही. तो इशारा म्हणजे निव्वळ एक वेबपेज. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, हे त्यांनीच जाहीर केलेलं आहे. आईंना एवढा एकच नियम सांगा : स्क्रीनवर फोन नंबर दिसला, तर तो लबाड. पेज सगळी स्क्रीन व्यापून बसलं असेल तर एस्केप दाबून धरायचं, मग ऑल्ट धरून एफ४. तेही ऐकत नसेल तर पॉवरचं बटण दाबून धरून मशिन बंद करायचं. एरवी मी याच्या विरोधात असते, इथे मात्र खुशाल. पुन्हा चालू केल्यावर ब्राउझर "मघाची पानं परत उघडू का?" असं विचारतो, त्याला नाही म्हणायचं. नाहीतर तोच लाल पडदा पुन्हा हजर.

कोपऱ्यातल्या सूचना आईंनीच कधीतरी मागवल्या आहेत, नकळत. वेबसाइट विचारते, "सूचना पाठवू का?" आणि घाईत 'अलाउ' दाबलं जातं. क्रोममध्ये सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' इथे जाऊन साइट्सना विचारायचीच बंदी करा आणि परवानगी मिळालेल्यांची यादी साफ करा. वृद्धांसाठी करायच्या सगळ्या सेटिंग्जमध्ये कमी वेळात जास्त फायदा देणारी ही आहे. त्याखालोखाल एखादा नावाजलेला जाहिरातरोधक. 'डाउनलोड' असं लिहिलेली खोटी हिरवी बटणं दिसलीच नाहीत तर ती दाबली जाणार नाहीत.

दुरून मदत करायला विंडोजमध्ये 'क्विक असिस्ट' आहे. कंट्रोल, विंडोज आणि क्यू दाबलं की ते आईंकडे उघडतं. तुम्ही तुमच्याकडून कोड काढून त्यांना फोनवर सांगायचा. तो थोडा वेळच चालतो. मग त्यांची स्क्रीन तुम्हाला दिसते आणि त्यांनी परवानगी दिली तर माऊसही तुमच्या हाती येतो. ठगही नेमकं असंच काहीतरी उघडायला लावतात, म्हणून अट ठेवा : आईंनी स्वतः तुम्हाला फोन लावला असेल तरच कोड टाकायचा. समोरून फोन आला, कोणी कंपनीचं नाव सांगितलं, अगदी तुमचं नाव सांगितलं, तरी फोन ठेवून तुमच्या नेहमीच्या नंबरवर उलटा फोन. आणि कधी चुकून कोणाला आत घेतलं गेलंच, तर त्या क्षणी इंटरनेट तोडायचं, बँकेला कळवायचं आणि पासवर्ड दुसऱ्या मशिनवरून बदलायचे. असं झालं तर आई ते तुम्हाला न घाबरता सांगतील, एवढं तुमचं बोलणं मऊ हवं. ओरडा खाल्लेली माणसं पुढच्या वेळी लपवतात, आणि लपवण्यात गेलेला तासच महाग पडतो.

प्रश्न : मी कॉलेजात शिकते. आजीला रोज तेच तेच दाखवते, पण दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. माझा आवाज चढतो, मग तिला वाईट वाटतं. कसं शिकवू?

उत्तर : माऊस कोणाच्या हातात असतो? पत्रात तू "दाखवते" असं लिहिलंयस, त्यावरून मला शंका आहे. तुझे हात पाठीमागे बांध आणि फक्त तोंडाने सांग. "वरचं ते" नाही, "डावीकडून दुसरं, घरासारखं चित्र" असं. ती शोधेपर्यंत गप्प बस. हा भाग तुला जड जाणार आहे. टिपणं तिच्या अक्षरात, तिच्या शब्दांत, कागदावर हवीत. तू सुबक टाइप करून दिलेलं पान ती उघडणार नाही. एका बैठकीत एकच काम, आणि तेही तिला हवं असलेलं. मेल पाठवायचं असेल तर मेल, आणि 'आधी डेस्कटॉप म्हणजे काय' हे राहू दे.

मग मुद्दाम बिघडव. तिला एखादा परिच्छेद लिहू दे, कंट्रोल-ए करून सगळं निवडायला लाव आणि कुठलंही अक्षर दाबायला सांग. सगळं पुसलं जाईल, ती दचकेल. मग कंट्रोल-झेड. हे हसत हसत पुन्हा पुन्हा करा. टॅब बंद करायला लाव आणि कंट्रोल, शिफ्ट, टी ने परत आणायला लाव. कंट्रोल धरून माऊसचं चाक फिरवून पानावरची अक्षरं अवाढव्य करू दे, मग कंट्रोल आणि शून्य दाबून जागेवर. परत येण्याची वाट हाताला माहीत असली की ती पुढच्या गोष्टी आपणहून दाबून बघू लागेल, आणि तुझी गरज बरीच कमी होईल.

प्रश्न : एवढ्या कटकटीपेक्षा सासूबाईंना टॅबलेटच घेऊन द्यावा का?

उत्तर : फोटो बघणं आणि व्हिडिओ कॉल एवढंच असेल तर जरूर. चुका तिथेही होतात, फक्त वेगळ्या : बोट जरा जास्त वेळ टेकलं की आयकॉन सुटे होतात आणि काढूनही टाकले जातात. बऱ्याच अँड्रॉइड टॅबलेटवर होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये मांडणी लॉक करायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी लावा. उतारवयात बोटं कोरडी पडतात, त्यामुळे स्क्रीनला स्पर्श न कळण्याची तक्रार येते. टोकाला रबर असलेली टचपेन्सिल घ्या. आणि त्यांना लांबलचक पत्रं लिहायची आवड असेल, तर टॅबलेट घेण्याआधी आहे त्या कॉम्प्युटरवरचा तो ४ चा आकडा ४० करून बघा.